चार हजारात महिनाभर अंडी, चिकन, मासे आणि थोडं मटण

महिन्याला चार हजार रुपयांत एका माणसाचं मुख्य जेवण मांस-मासे-अंड्यांवर चालतं का, असं मला हल्ली ओळखीतले बरेच जण विचारतात, तर हो, चालतं, निदान पुण्यात तरी चालतं. मी हडपसरला राहते आणि वर्ष होऊन गेलं, असंच खातेय. पण त्यासाठी बाजार करायची पद्धत पार बदलावी लागली, ती कशी बदलली तेच सगळं सांगते, कारण डाएट काय करायचं हे सांगणारे खूप भेटतात पण ते परवडवायचं कसं हे कोणी सांगत नाही.

आधी कारण. माझी साखर बॉर्डरवर आली, एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, ६.३. माहेरी आईला आणि मामाला दोघांनाही डायबेटीस, त्यामुळे मी धसकाच घेतला. डॉक्टरांनी डाएटिशियनकडे पाठवलं, त्या बाईंनी भात, पोळी, बटाटा, साबुदाणा एकदम खाली आणायला सांगितला आणि माझ्या वजनाला रोज ८० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन पोटात गेलं पाहिजे म्हणाल्या. कडधान्यांनी मला गॅसेस होतात, पनीर रोज खाववत नाही, आणि आमचं घर पहिल्यापासून खाणारं, म्हणून मग ठरलं की अंडी, चिकन, मासे हेच मुख्य, सोबत कोशिंबीर नाहीतर पालेभाजी आणि दुपारी अर्धी ज्वारीची भाकरी. सुरू करायच्या आधी क्रिएटिनिन, युरिक अ‍ॅसिड, लिपिड अशा रक्ताच्या तपासण्या करून घेतल्या. ज्याला कोणाला असं खायचंय त्याने आधी एवढं करून घ्याच, किडनीचा त्रास असेल तर हा नाद नको.

घरात आम्ही चौघं, मी, नवरा, मुलगी आणि सासूबाई. नवऱ्याचा पगार आणि माझ्या ट्यूशनचे पैसे यात घराचा हप्ता, मुलीची फी, सगळं बसवायचं, त्यामुळे माझ्या एकटीच्या ह्या खाण्याला चार हजाराच्या वर एक रुपया नाही हे मीच ठरवून टाकलं. बाकीच्यांचं जेवण आहे तसंच, रविवारचं मटण सगळ्यांचं मिळून, ते घरखर्चात.

पहिल्यांदा मी काय केलं तर वहीत प्रत्येक गोष्टीचं किलोचा भाव न लिहिता १०० ग्रॅम प्रोटीन कितीला पडतं ते लिहिलं. हे केल्याशिवाय काहीच कळत नाही. आमच्या इथले भाव धरून सांगते, तुमच्याकडे थोडे इकडेतिकडे असतील. अंडं ७ रुपयांना, त्यात साधारण ६ ग्रॅम, म्हणजे १०० ग्रॅम प्रोटीन ११५ रुपयांच्या आसपास. चिकन करी कट २४० रुपये किलो, पण हाडं जाऊन खायला मिळतं ७०० ग्रॅम, तर ते पडतं १७० ला. मटण ७८० रुपये किलो, तेच १०० ग्रॅम प्रोटीन पाचशेच्याही वर जातं. त्याच हिशेबात मांदेली १४५, बांगडा २००. आणि चिकनची कलेजी-पेटा, म्हणजे कोंबडीचं लिव्हर आणि जठर, १६० रुपये किलो, हाड नाही काही नाही, तर पडतं ९० रुपयांना. हा आकडा बघून मी दोनदा गुणाकार केला. मांसाहार महाग ही आपली सगळ्यांची समजूत निव्वळ मटणाच्या भावावरून झालेली आहे, बाकीच्या गोष्टींकडे आपण बघतच नाही.

अंड्यांचं सोपं आहे. नॅशनल एग कोऑर्डिनेशन कमिटी, म्हणजे एनईसीसी, जिचं ऑफिस आपल्या पुण्यातच आहे आणि जी १९८२ पासून आहे, ती रोज शहराशहराचा १०० अंड्यांचा भाव जाहीर करते. तो घाऊक भाव. मी रोज सकाळी तो बघते आणि किराणावाला त्याच्यावर किती लावतोय ते लगेच कळतं. सुटी अंडी सोसायटीच्या खालच्या दुकानात घेणं आणि ३० चा ट्रे होलसेलवाल्याकडून आणणं यात एका अंड्यामागे रुपया-सव्वा रुपया सुटतो, आणि मी महिन्याला चार ट्रे खाते, तर १२० अंड्यांचे सव्वाशे-दीडशे रुपये तिथेच वाचले. थंडीत अंड्याला मागणी वाढते, भाव चढतो, उन्हाळ्यात उतरतो. तेव्हा डिसेंबर-जानेवारीत मी रोजच्या चारावरून तीनावर येते आणि त्याजागी पेटा वाढवते. ब्राऊन अंडी, गावरान अंडी यांच्या नादाला मी लागत नाही, गावरानची चव मला मान्य आहे पण दुप्पट भाव मला झेपत नाही आणि प्रोटीन तेवढंच.

चिकनमध्ये सगळा खेळ कटिंगचा आहे. बोनलेस ३८० आणि अख्खी कोंबडी २२०-२४०, आणि अ‍ॅपवर तर साडेचारशे ग्रॅमचं पाकीट असतं, माणूस किंमत बघतो आणि मनात किलो धरतो. मी अख्खी कोंबडी घेते, दुकानदार दादाला सांगते की छातीचे दोन तुकडे अख्खे काढ, तंगड्या वेगळ्या, आणि पिंजरा म्हणजे हाडांचा सांगाडा, मान, पंख वेगळ्या पिशवीत. दीड किलोची साफ कोंबडी असेल तर छातीचं मांसच चारशे ग्रॅमच्या आसपास निघतं. तेच बोनलेस म्हणून घेतलं असतं तर त्याचेच दीडशे झाले असते. पिंजरा आणि मानेचं अळणी करते, हळद, मीठ, आलं-लसूण, चार मिरे, कुकरला मंद गॅसवर पाऊण तास. थंड झालं की वर चरबीचा थर येतो तो काढून बाटलीत, त्यात दुसऱ्या दिवशी अंडी परतायची. अळणी रात्री पिते, मुलगी पण पिते, सासूबाईंना गुडघ्यांसाठी देते, त्यांना बरं वाटतं म्हणतात. दुकानात बोनलेस घेणारी गिऱ्हाईकं जास्त असतील तर त्यांच्याकडे पिंजरे उरलेले असतात, ते वीस-तीस रुपयांत देतात, कधी असेच देतात. एक बघायचं, वजन कोंबडी कापून झाल्यावर होतंय की जिवंत वजनावर भाव लावलाय, कारण बोर्डावर कमी आकडा दिसतो तो बऱ्याचदा जिवंतचा असतो आणि दोन किलोची जिवंत कोंबडी साफ होऊन चौदाशे ग्रॅमच्या आसपास भरते. हे विचारायला लाजायचं नाही.

कलेजी-पेटाबद्दल जरा सविस्तर बोलते कारण लोक नाक मुरडतात. पेटा नीट साफ केलेला घ्यायचा, आतलं पिवळं साल निघालेलं पाहिजे, घरी मीठ आणि लिंबू चोळून दोनदा धुवायचा आणि आधी कुकरला पाच-सहा शिट्ट्या देऊनच फोडणीला टाकायचा, नाहीतर रबर. कलेजी उलट, ती शेवटी टाकायची, पाच-सात मिनिटं, जास्त शिजली की भुगा होते. कांदा, भरपूर लसूण, काळं तिखट, वरून कोथिंबीर, बास. आठवड्यातून एकदाच खाते मी कलेजी, त्याच्यापेक्षा जास्त नाही, तिच्यात व्हिटॅमिन ए फार असतं आणि ते अंगात साठून राहतं असं डाएटिशियनने बजावलंय. पेटा मात्र दोनदा-तीनदा.

मटण आमच्याकडे बोल्हाईचं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, बोल्हाईचं म्हणजे मेंढीचं, वाडेबोल्हाईची देवी ज्यांच्या घराण्यात आहे ते बोकडाचं खात नाहीत, म्हणून पुण्यात जागोजागी बोल्हाई मटण शॉपची पाटी दिसते. सासूबाईंनी बोकडाचं आयुष्यात खाल्लेलं नाही आणि ह्या घरात आल्यापासून मीही नाही. आता ७८० रुपयांचं मटण माझ्या चार हजारात किती बसणार, तर महिन्याला अर्धा किलो. पण खाटीक मामांशी एकदा नीट बोलले, त्यांना सांगितलं की डॉक्टरांनी असं असं खायला सांगितलंय आणि पैसे मोजकेच आहेत, तर काय घेऊ. त्यांनी जे सांगितलं ते मला एकाही डाएटच्या व्हिडिओत मिळालं नव्हतं. म्हणाले ताई, रान आणि चाप मागणारे शंभर आहेत, तुम्ही पाया घ्या, मुंडी घ्या, वजडी घ्या, रविवारी येऊ नका, गुरुवारी नाहीतर शनिवारी या, मला कापून द्यायला वेळ असतो आणि माल पडलेला असतो.

तेव्हापासून गुरुवारी जाते. पाया मामा स्वतः जाळून, खरवडून, तोडून देतात, चार पायांचे साधारण दोनशे रुपये होतात आणि त्याचा रस्सा तीन जेवणं पुरतो. प्रोटीनचं गणित पायात फारसं नाही, ते मी वहीत धरतही नाही, पण पोट भरतं आणि रात्री आठनंतर जी भाताची आठवण यायची ती गरम रश्श्याने थांबते. वजडी, म्हणजे पोट-आतडी, स्वस्त आहे पण मेहनत आहे, त्यात शॉर्टकट नाही. गरम पाण्यात बुडवायची, चुना लावून ठेवायची, सुरीच्या बोथट बाजूने खरवडायची, मग पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायची, हळद-मीठ घालून कुकरला लावायची आणि ते पहिलं पाणी फेकून द्यायचं. सासूबाई पहिल्यांदा माझ्याशेजारी पाट घेऊन बसल्या आणि स्वतः करून दाखवली. त्यांच्या लहानपणी जत्रेनंतर रानाचं मटण पाहुण्यांना आणि घरच्या बायकांना वजडी-रक्ती असंच असायचं म्हणे. त्या सांगत होत्या आणि मी ऐकत होते, त्यांच्या हातची वजडी आज आमच्या घरात सगळ्यात चांगली भाजी आहे आणि मुलीला पण आवडते.

आणि चरबी. पोळी-भात काढला की भूक भागायला फॅट लागतं, तूप साडेसहाशे-सातशे रुपये किलो, ते रोज चार चमचे परवडत नाही. मेंढीला चरबी भरपूर असते, गिऱ्हाईक ती काढून टाकायला सांगतात, मामा मला ती तशीच बाजूला ठेवतात. बारीक चिरून जाड बुडाच्या कढईत थोडं पाणी घालून मंद आचेवर ठेवायची, पाणी उडून जातं, चरबी वितळते, गाळून काचेच्या बरणीत. पांढरी घट्ट होते, फ्रिजमध्ये महिना आरामात टिकते. वास येतो, खोटं कशाला बोलू, खिडक्या उघड्या ठेवून करावं लागतं, पण पेटा परतायला ह्याच्याइतकं काही चांगलं नाही. लिपिड दर तीन-चार महिन्यांनी तपासते, डॉक्टरांना माहीत आहे मी काय खाते ते.

माशांचं पुण्यात दुखणं हे की समुद्र नाही, जे येतं ते बर्फातून येतं. सुरमई, पापलेट माझ्यासाठी नाहीच, तिकडे मी बघतही नाही. मांदेली, तारली, बांगडा, ढोमी, हे माझे मासे. गणेश पेठेच्या बाजारात सकाळी लवकर गेलं तर भावात खूप फरक पडतो, हडपसरहून बसने जाऊन येऊनही परवडतं, फक्त दोन-तीन शेजारणी मिळून गेलं तर, म्हणजे घाऊकवाला पाच किलोची पाटी देतो आणि आपण वाटून घेतो. एरवी इथल्याच मंडईत संध्याकाळी मावशीकडे वाट्यावर घेते. आठनंतर मावशीला घरी जायचं असतं, शंभराचा वाटा सत्तरला देते, पण तिथे डोळे उघडे ठेवायचे, कल्ले लालच पाहिजेत, बोट दाबून मांस परत वर आलं पाहिजे, पोट फुटलेली तारली फुकट दिली तरी नको. माशाचं वजन साफ करायच्या आधी होतं हे धरून चालायचं, बांगड्याचं डोकं-पोट जाऊन किलोतलं ६०० ग्रॅम उरतं. मांदेली मी अख्खी कुरकुरीत करते, काटे चावून खाता येतात, वाया काही जात नाही.

एक मासा मात्र आपल्या इकडचा आहे आणि त्याला लोक उगाच कमी लेखतात, तो म्हणजे चिलापी. उजनीच्या पाण्यातला, भिगवण-इंदापूरकडून येतो, सोलापूर रस्त्याने सरळ हडपसरला, त्यामुळे आमच्याकडे ताजा मिळतो आणि १४० च्या आसपास किलो. भिगवणची मच्छी खायला लोक गाड्या काढून जातात आणि तोच मासा घराजवळ मिळतो तेव्हा नको म्हणतात. डोकं मोठं असल्यामुळे उरतं निम्म्याहून कमी, तरी बांगड्यापेक्षा स्वस्तच पडतो. डोक्याचं कालवण करायचं. ज्यांना गोड्या पाण्याच्या माशाचा वास सहन होत नाही त्यांनी हळद, मीठ आणि चिंचेच्या कोळात अर्धा तास ठेवून बघा.

जून-जुलैत आपल्या किनाऱ्यावर मासेमारी बंद असते, तेव्हा समुद्राचा मासा एकदम महाग होतो. पूर्व किनाऱ्याची बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते, म्हणजे जूनच्या मध्यानंतर तिकडचा माल येऊ शकतो, शिवाय तळ्यातला रोहू-कटला आंध्रातून बारा महिने येतच असतो, पण माझा खरा आधार सुक्या मासळीचा. माझी जाऊ मूळची श्रीवर्धनची, तिच्या माहेरी मे महिन्यात आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, बेगमी करतात, मी तिच्यासोबत मागवते, अर्धा किलो जवळा, अर्धा किलो सुके बोंबील, पाव किलो सोडे. सोडे महाग आहेत, ते फक्त हौसेला. पण जवळा चारशे रुपये किलो आणि त्यात वजनाच्या निम्म्याहून जास्त प्रोटीन, म्हणजे हिशेबात तो कलेजीच्याही खाली उतरतो. आणल्यावर दोन कडक उन्हं द्यायची, पत्र्याच्या डब्यात कागद घालून गच्च बंद करायचा. करताना आधी कोरडा भाजून चाळणीने चाळायचा, रेती खाली पडते, मग गरम पाण्यातून काढायचा, त्याने खारटपणा उतरतो, बीपी असलेल्यांनी तर हे करायलाच हवं. बोंबील घेताना पांढरट-पिवळसर आणि ताठ बघायचे, तपकिरी पडलेले आणि नाकाला झोंबणारे सोडून द्यायचे.

आता सगळ्यात महत्त्वाचं जे मला सांगायचंय ते. आपल्याकडे मांसाचा भाव पंचांगावर चालतो. आखाडात आकाशाला भिडतो कारण श्रावण लागायच्या आधी सगळ्यांना खाऊन घ्यायचं असतं, धुळवड, संक्रांतीची कर, ३१ डिसेंबर, तेव्हाही तसंच. आणि श्रावण लागला, गणपती आले, नवरात्र बसलं की चिकन खाली येतं, कारण ब्रॉयलर कोंबडी पाच-सहा आठवड्यांत विक्रीला तयार होते, ती फार्मवर ठेवली तर रोज खाणार, शेतकऱ्याला ती काढावीच लागते आणि घेणारे कमी झालेले असतात. तेव्हा मी जानेवारीत कालनिर्णय भिंतीवर लावताना आखाड, श्रावण, नवरात्र, मार्गशीर्षाचे गुरुवार यावर पेनने खुणा करते, खरेदीच्या खुणा. आखाडात मी चिकन जवळजवळ घेतच नाही, अंडी, चिलापी आणि जवळ्यावर काढते. श्रावणात फ्रीजर भरते.

पण श्रावण घरात पाळायचा असतो, हा प्रश्न होताच. सासूबाई महिनाभर कांदा-लसूणही खात नाहीत. मी त्यांना सरळ विचारलं, आई, काय करू. त्या एक दिवस काही बोलल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी म्हणाल्या की औषध आहे ना, मग खा, फक्त देवघराच्या भिंतीला लागून नको आणि माझी भांडी नको. मग मागच्या बाल्कनीत इंडक्शन, एक कढई, एक कुकर, एक ताट अशी माझी वेगळी सोय केली. सोमवारी आणि संकष्टीला मी पण खात नाही, त्या दिवशी दही, पनीर, दाणे. एवढं त्यांच्यासाठी मला करावंसं वाटतं आणि महिन्याच्या हिशेबात त्याने काही बिघडत नाही.

फ्रीजर आमचा साध्या सिंगल डोअरचा, तेव्हा जागा मोजून वापरावी लागते. चिकन आणल्याबरोबर न धुता, कागदाने पुसून, हळद-मीठ लावून पाव-पाव किलोच्या पिशव्या करते आणि पिशवी सपाट दाबून ठेवते, सपाट पिशव्या एकावर एक बसतात आणि लवकर सुटतात. तारीख चिकटपट्टीवर. रात्री खालच्या कप्प्यात काढून ठेवायची, एकदा सुटलेलं परत गोठवायचं नाही. आमच्याकडे गुरुवारी बऱ्याचदा दुरुस्तीसाठी लाईट जाते, त्या दिवशी फ्रीज उघडायचाच नाही अशी घरात सक्त ताकीद आहे.

आता महिन्याचा हिशेब, गेल्या महिन्याचाच देते. अंडी ८४०, चिकन पाच किलो १२००, कलेजी-पेटा दीड किलो २४०, मासे तीन किलो मिळून ६००, मटण अर्धा किलो ३९०, पाया २००, सुकं धरून २००. झाले ३६७०. उरलेल्यात लिंबं, कोथिंबीर, थोडं तूप. प्रोटीन दिवसाला ७८-७९ ग्रॅम पडलं. एचबीएवनसी मधल्या तपासणीत ५.८ आलं, डॉक्टर म्हणाले चाललंय ते चालू ठेवा पण चालणं वाढवा, आणि कॅल्शियम-फायबरकडे बघा, म्हणून पालेभाजी आता दोन्ही वेळेला करते, मेथी-चुका-अंबाडी जे स्वस्त असेल ते.

सध्या अडलंय ते मुलीच्या डब्यावर. तिलाही आता माझ्यासारखं खायचंय, पण शाळेत डब्यात अंडं चालत नाही, आणि तिला वाढत्या वयात भाकरी-भात हवाच असं माझं ठाम मत आहे. तेव्हा तिला सकाळी शाळेत जायच्या आधी दोन उकडलेली अंडी, डब्यात पोळी-भाजी, आणि संध्याकाळी अळणी भात. तिच्या अंड्यांचे महिन्याचे दोन ट्रे आता वेगळे आणतेय, त्याचा हिशेब माझ्या चार हजारात धरायचा की घरखर्चात, यावर नवऱ्याशी बोलणं चालू आहे.